मनगटी परीक्षा

घड्याळ माझं नव्हतं, हे आज मी कोणालाही मोकळेपणानं सांगू शकतो. पण आज कोणी विचारत नाही. ज्या दिवसांत अर्धी अमरावती विचारत होती, त्या दिवसांत ते सांगायची मला बंदी होती. आणि शेवटी जेव्हा थेट ध्वनिक्षेपकावरून सांगितलं, तेव्हा ते एकाही माणसाला पटलं नाही. खरं बोलायलाही मुहूर्त लागतो हे मला त्या वर्षी कळलं, आणि आम्ही तर छप्पन सालीच मुहूर्त पाहणं सोडून दिलेलं.

नोकरी अकोल्याची होती. रामरावसाहेबांची तिथं सरकी काढायची मोठी जिनिंग होती. कापसाच्या माणसाला घड्याळाचं खूळ कसं लागलं, याची गोष्ट जिनिंगमधले लोक अशी सांगत, की मुंबईत एका मेजवानीत कोणा बड्या माणसानं साहेबांना वेळ विचारली आणि साहेबांचं घड्याळ नेमकं बंद पडलेलं होतं. त्या अपमानातून एक उद्योग जन्माला आला. गोदामाची एक बाजू चुना लावून पांढरी केली, खिडक्यांना काचा बसवल्या, आतली यंत्रं स्वित्झर्लंडहून आणली, सोन्याच्या डब्या अकोल्याच्या सोनाराकडून घडवल्या, मगरीच्या कातड्याचे पट्टे कुठून आणले ते मगरीलाच ठाऊक. घड्याळाचं नाव ‘राजयोग’. राजे तोपर्यंत संपले होते, पण मंत्री सुरू झाले होते. त्यामुळे गिऱ्हाइकाची काळजी नव्हती.

मी इंटर सायन्स नापास होतो. हसू नका. आमच्या वस्तीत इंटर नापास होण्यापर्यंत मजल मारणारा मी पहिलाच. मुलाखतीला मी प्रकाशाचे आणि लंबकाचे नियम पाठ करून गेलो. साहेबांनी कागदपत्रांकडे पाहिलंसुद्धा नाही.

“हात दाखव,” ते म्हणाले.

मला वाटलं, भविष्य पाहताहेत. मी तळवा पुढं केला. त्यांनी तो उलटा करून मनगट दाबून पाहिलं, बाजारात बैलाचा खांदा पाहतात तसं.

“मनगट चांगलं हाय. हाड रुंद हाय, केस बी कमी हायेत. लागला तू कामाले.”

हुद्दा होता ‘कनिष्ठ गुणतपासनीस’. काम काय ते हबीब उस्तादांनी समजावलं. हे कारखान्याचे मुख्य कारागीर. डोळ्याला सदोदित भिंग लावलेलं, त्यामुळे त्यांचा एक डोळा माणसाला माणूस समजे आणि दुसरा पुर्जा.

“मियाँ, टेबल पे तो हर घडी चलती है,” ते म्हणाले. “मांडवात कोणता जावई वाईट दिसते? असली बात तो घर में पता चलती है. ये पहनो, घूमो, सायकल चलाओ, धूप में जाओ, सो जाओ. रोज सबेरे चाबी दो, रेडिओ से मिलाओ. कितनी आगे गयी, कितनी पीछे गयी, लिख के लाओ.”

म्हणजे मंत्र्याच्या हातात जाण्याआधी ते घड्याळ माझ्या हातात राहणार आणि चूक करायची ती तिथंच करून घेणार. एवढं मी समजलो. पण साहेबांची एक अट होती. परदेशी मालाचा परवाना दिल्लीत अडकलेला होता. तो सुटेपर्यंत इथं घड्याळं तयार होतात हे बाहेर कळता कामा नये.

“आन कोनी इचारलं, का बापू घडी कोनाची, तर?” मी म्हटलं.

“हसाचं,” साहेब म्हणाले.

घरी अमरावतीला आलो तर आईनं, सुंदराबाईनं, तोवर गल्लीत सांगून टाकलं होतं, का आमचा देवमन गुण तपासाच्या नोकरीवर लागला. त्याचा अर्थ लोकांनी लग्नाच्या पत्रिकेतले गुण असा घेतला. समोरच्या घरातले वामनराव दुसऱ्याच दिवशी मला आडवे आले. वामनराव कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. वलगावला त्यांचं काळं वावर बटईनं, निम्म्या पिकावर दिलेलं, त्यामुळे त्यांच्याजवळ वेळ भरपूर आणि सल्ला त्याहून भरपूर.

“काहून रे देवमन्या, तुमी त बुद्ध झाले ना बे? मंग पत्रिका कोनाच्या जुळवून राहिला?”

मी सांगायला तोंड उघडलं आणि अट आठवून हसलो. इतक्यात माझ्या बाहीतून सोनं चमकलं. वामनरावांचं वाक्य तिथंच थांबलं. त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. जणू दोघांपैकी एकाचा पत्ता चुकला होता.

“बसा ना, देवमनराव,” ते म्हणाले.

माणसाच्या नावाला ‘राव’ लागायला काय काय करावं लागतं! माझ्या बापानं, बुधाजीनं, जन्मभर टपाल वाटलं, या वामनरावांच्या मनीऑर्डरी उन्हातान्हात आणून दिल्या, आणि तो ‘बुध्या’ म्हणूनच गेला.

रेडिओ गल्लीत फक्त वामनरावांकडं. त्यामुळे रोज सकाळी बातम्यांच्या आधीचे ते टूं-टूं ऐकायला मला तिथं जाणं भाग होतं. आधीच्या दिवसांत मी अंगणातल्या लिंबाखालून ऐकलं असतं. आता घड्याळ ओसरीवर चढलं आणि त्याच्यामागं मी. वामनरावांच्या बायकोनं, कौशल्याबाईंनी, चहाही आणला. कप मात्र तोच होता, कान तुटलेला, बाहेरच्या देवळीत आमच्यासाठी म्हणून वेगळा ठेवलेला. घड्याळ ओसरीपर्यंत पोचलं, कपापर्यंत त्याची मजल गेली नाही. अर्थात स्विस यंत्राकडून इतकी अपेक्षा करणंही बरोबर नाही.

आईचं मत वेगळंच होतं. ती मी बाहेर निघालो की माझी बाही ओढून मनगटाच्या खाली आणायची.

“झाकून ठेव, बापा. आपल्या हातात सोनं दिसलं का लोकाइले आपली जात आठवते.”

“माय, आता जात कोठं राहिली? आपन ते सोडून देलं ना?”

“आपन सोडली,” आई म्हणाली. “त्याइनं कोठं सोडली?”

माझी बायको इंदू हिचं म्हणणं याहून साधं होतं. तिच्या अंगावर तिच्या मायनं दिलेले कानातले दोन डूल, एवढंच सोनं. तिनं पहिल्या दिवशी घड्याळाला बोट लावून पाहिलं आणि विचारलं, “हे आपलं नाही ना?” मी हसलो. ती म्हणाली, “माह्यापाशी नका हसू. मले दात दिसते.” बायकोला सांगितलं. अटीत बायको धरलेली नाही असा मी अर्थ लावला.

आता कामाची अडचण सांगतो. घड्याळ रोजच्या जगण्यात पारखायचं, असा नियम. पण घड्याळ आलं आणि रोजचं जगणंच निघून गेलं. विहिरीवर पाणी ओढू म्हटलं तर आई दोर हिसकून घेई, “पानी जाईन त्याच्यात.” लाकडं फोडायची बंद. सायकलवर वलगावच्या रस्त्याला लागलो तर वाटेत माणसं उभी राहून पाहत, आणि मी त्यांच्याकडे पाहून हसत असल्यामुळे एकदा सरळ बैलगाडीवर गेलो. घड्याळाला काही झालं नाही. माझा सोललेला गुडघा तपासायला कोणी कनिष्ठ नेमलेला नव्हता.

सल्ले तर इतके, की त्यांचंच एक खातं उघडावं. वामनराव म्हणाले, विमा काढा. कोणी म्हणे, भातकुलीच्या शिवारात हंडा सापडला असेल तर सरकारला कळवा, नाही तर आत जाल. चौकातल्या पानवाल्यानं मला ऐकू येईल अशा बेतानं विचारलं, “बुद्ध झालं का अमेरिका घडी देते म्हने, खरं हाय काय?” नगरपालिकेला उभं राहा, असंही एक जण म्हणाला, तो आमच्यातलाच होता, आणि तो खरोखर आशेनं म्हणाला, त्यामुळे त्याच्याकडे पाहून मला हसणं फार जड गेलं.

त्यात अंजनगाव सुर्जीहून जानरावमामा आले. त्यांच्या पोराचं लग्न ठरलं होतं आणि नवरदेवाचा फोटो काढायचा होता.

“एक दिवस दे, देवमन. पोट्ट्याच्या हातात बांधून फोटो काढतो आन तुले वापस आनून देतो. पोरीवाले पाहतीन त म्हनतीन, बुवा, खानदान हाय.”

“मामा, नाही देता येत.”

“काहून? झिजते काय?”

मी हसलो. मामांनी समोरचं ताट सरकवलं, पागोटं उचललं आणि उठले. “सोनं आलं का मानूस असा होते,” असं आईला सांगून ते उपाशी गेले. आईनं ते ताट तसंच झाकून ठेवलं. मामा गेले ते आजतागायत आमच्या दारी आले नाहीत.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं, त्या घड्याळाची तऱ्हा काय? ते दुपारनंतर मागं पडायचं. सकाळी रेडिओशी जुळलेलं, ऊन चढलं की सुस्तावायचं, आमच्या कचेऱ्यांसारखं. मी इमानेइतबारे तसं लिहून सोमवारी अकोल्याला नेलं. हबीब उस्तादांनी घड्याळ कानाला लावलं, उघडलं, भिंगातून पाहिलं, मिटलं.

“घडी में कुछ नहीं है,” ते म्हणाले. “तुम्हारे हाथ में गर्मी है.”

माझ्या रक्ताचा दोष निघाला. तो शेरा मला नवा नव्हता, पण घड्याळजीकडून पहिल्यांदाच ऐकला. मी साहेबांकडे गेलो. साहेबांनी मला शेजारी उभं करून शांतपणे समजावलं.

“पाय बापू. तपासनीस दोष काढाले नाही ठेवत. दोष नाही म्हनाले ठेवतात. हेच घड्याळ आनखी काही दिवस वापर. सवय होईन त्याले.”

घड्याळाला माझी सवय व्हावी म्हणून ते पुन्हा माझ्या हातात आलं. आणि त्याच आठवड्यात वामनरावांच्या रेडिओचा व्हाल्व्ह गेला.

आता वेळ जुळवायची कुठं? मी सायकल काढून रेल्वे स्टेशनावर जाऊ लागलो. फलाटावरच्या मोठ्या घड्याळाकडं पाहायचं, मग मनगटाकडं, मग पुन्हा वर, आणि कागदावर टिपायचं. सोन्याचं घड्याळ बांधलेला, चपलेचा अंगठा तुटलेला एक माणूस रोज येतो, गाडीत बसत नाही, कोणाला पोचवत नाही, नुसती वेळ टिपतो. हे लिहिताना मलाच संशय येतो. स्टेशनावरच्या हवालदाराला आला यात त्याचं काय चुकलं?

“घडी कोनाची?”

मी हसलो.

“हसून राहिला बे?” त्यानं मला दंडाला धरून चौकीत नेलं.

फौजदार नव्हता. हवालदारानंच लिहायला घेतलं. नाव विचारलं. ‘देवमन’ त्यानं लिहिलं. ‘बुधाजी’ ऐकून वर पाहिलं. ‘खंडारे’ ऐकल्यावर टाक खाली ठेवला आणि आरामात मागं रेलला, अवघड गणिताचं उत्तर पुस्तकाच्या शेवटी सापडल्यासारखा.

“बरं. आता खरं सांग. कोनाची हाय?”

खरं सांगितलं तर नोकरी जाते, नाही सांगितलं तर मी जातो. मी बाकावर बसून राहिलो. पाणी मागितलं तर तो म्हणाला, फलाटावर नळ हाय, पन सोडता नाही येत. दुपार टळली. हातातलं घड्याळ नेहमीप्रमाणे मागं पडू लागलं, तेव्हा मला प्रथमच त्याचा राग आला. निदान चौकीत तरी त्यानं वेळ लवकर काढायची.

कोणीतरी गल्लीत खबर दिली आणि साक्षात वामनराव आले. डोक्यावर टोपी, हातात छत्री, तोंडात कचेरीची मराठी. “सदरहू इसमास मी त्याच्या जन्मापासून ओळखतो. सदरहू घड्याळ त्याच्या स्वतःच्या मालकीचं असून त्याबद्दल मी जामीन राहतो.” हवालदारानं तसं लिहून घेतलं. खाली मला सही करायला लावली. मी केली. अशा रीतीनं जे घड्याळ कधी माझं नव्हतं, ते सरकारदरबारी माझं झालं.

परतताना वामनरावांनी टांगा केला. जामीन राहिले तरी मागच्या गादीवर ते एकटेच बसले. मी पुढं टांगेवाल्याजवळ. सायकल मागं बांधलेली. साऱ्या वाटेत ते मला सांगत होते, “मी नसतो त आज तुमचं काही खरं नव्हतं, देवमनराव.” आणि रस्त्यात भेटेल त्याला टांगा थांबवून सांगत होते, “आमच्या गल्लीतले हायेत. सोडवून आनलं.” त्या दिवसापासून वामनरावांना मी त्यांचाच वाटू लागलो. वलगावच्या वावरासारखा.

मग चीननं हल्ला केला.

तुम्ही म्हणाल, चीनचा आणि या गोष्टीचा काय संबंध. मलाही तसंच वाटलं होतं. पण हिवाळ्याच्या तोंडाशी गावोगाव संरक्षण निधीच्या सभा सुरू झाल्या. बायका अंगावरचं सोनं काढून देत होत्या. आमच्या वॉर्डाची सभा शाळेच्या पटांगणात ठरली आणि समितीचे चिटणीस झाले वामनराव.

सभेच्या सकाळी इंदूनं कानातले डूल काढून हातरुमालात बांधले.

“अवं, तेवढंच हाय तुह्यापाशी,” आई म्हणाली.

“असू द्या. देश काय फक्त वामनरावाचाच हाय?” इंदू म्हणाली, आणि रिकाम्या कानात लिंबाच्या काड्या घातल्या, भोकं बुजू नयेत म्हणून. माझ्या हाताला सोनं बांधलेलं होतं आणि मी देऊ शकत नव्हतो. बायकोच्या कानात होतं आणि तिनं ते दिलं. एखाद्या पुरुषाला याहून लहान करायचं असेल तर कसं करावं, ते मला सुचत नाही.

सभेला गर्दी मोठी. व्यासपीठावर एक सरकारी अधिकारी, शेजारी चांदीचं ताट, ताटात बांगड्या, पुतळ्या, मंगळसूत्रं. इंदू रांगेत उभी राहिली, डूल ताटात टाकले, नमस्कार केला आणि बायकांत जाऊन बसली. कोणी नाव विचारलं, तिनं सांगितलं, कोणी लिहिलं की नाही कोण जाणे. मी मागं खांबाशी उभा होतो, बाही खाली ओढून.

आणि वामनराव ध्वनिक्षेपकासमोर आले.

“आता मी एक आनंदाची वार्ता देतो! आपल्या वॉर्डातले एक तरुण, माझे शेजारी, मुलासारखे, श्रीयुत देवमनराव खंडारे, आपलं स्वतःचं सोन्याचं घड्याळ राष्ट्राला अर्पण करणार आहेत!”

मला त्यांनी एका शब्दानं विचारलं नव्हतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांनी मला वाट करून दिली. जे लोक मी येताना अंग चोरत, तेच अंग चोरून मला पुढं जाऊ देत होते, आणि मधलं अंतर पहिल्यांदाच मानाचं होतं. कोणी पाठीवर थाप मारली. मला सांगायला लाज वाटत नाही: त्या चार पावलांत मला वाटलं, घड्याळ माझं असतं तर!

वर गेलो. अधिकाऱ्यानं हार उचलला. समोर बायकांत इंदू माझ्याकडे डोळे रोखून पाहत होती. तिला एकटीलाच खरं ठाऊक होतं. मी ध्वनिक्षेपक धरला आणि म्हणालो, “हे घड्याळ माझं नाही.”

अधिकाऱ्यानं उचललेला हार खाली घेतला.

“हे अकोल्याच्या एका कारखान्याचं आहे. मी तिथं तपासनीस आहे. चालतं की नाही ते पाहायला माझ्या हाताला बांधलेलं आहे.”

आधी एक जण हसला. मग सगळेच. मागून कोणी ओरडलं, “घडी तपासाले हातात बांधा लागते काय? मंग सोनं तपासाले गळ्यात बांधत असन!” दुसरा म्हणाला, “द्याची नाही त नाही म्हन ना बे!” तिसऱ्यानं चीनचं नाव घेऊन मला हाक मारली. मी हसलो नाही. हसायची अट होती तेव्हा मी हसत होतो, आणि आता सगळं पटांगण माझ्यावतीनं हसत होतं.

वामनरावांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी सरकारात लिहून दिलं होतं. ते जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाले, “देवमन्या, मी जामीन हाय तुहा. माह्या इज्जतीचा फालुदा करतं काय?” आणि त्यांनी माझा हात धरला.

जन्मापासून ओळखणाऱ्या त्या माणसाचा हात मला त्या दिवशी पहिल्यांदा लागला. ऊन ऊन, थोडा ओला. त्या हातानं माझ्या मनगटावरचा पट्टा सोडवला, घड्याळ काढलं, लोकांना उंच करून दाखवलं आणि ताटात ठेवलं. टाळ्या पुन्हा झाल्या. त्या कोणासाठी होत्या ते विचारू नका. हार वामनरावांच्या गळ्यात पडला.

दुसऱ्या दिवशी मी रिकामं मनगट घेऊन अकोल्याला गेलो. हबीब उस्तादांना सगळं सांगितलं. त्यांनी भिंग वर केलं आणि दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“और चलती कैसी थी?”

“शेवटपर्यंत मागंच पडत होती.”

“हां,” ते म्हणाले. “स्प्रिंग कच्ची थी. मुझे पता था.” आणि भिंग पुन्हा डोळ्यावर घेतलं.

साहेब मात्र भडकले. घड्याळापेक्षा त्यांना ध्वनिक्षेपकाचं दुःख. परवाना नाही आणि सरकारी अधिकाऱ्यासमोर कारखान्याचा विषय निघाला! त्यांनी माझ्यावर ओरडायला सुरुवात केली आणि मधेच थांबले. मोठी माणसं अशीच मधे थांबतात, आणि तिथंच त्यांची भरभराट होते. त्यांनी अमरावतीला जायला मोटार काढायला सांगितली.

पुढच्या आठवड्यात इथल्या एका वर्तमानपत्रात बातमी आली. अकोल्याचे दानशूर उद्योगपती रामरावसाहेब यांनी आपल्या कारखान्यातलं पहिलं सोन्याचं घड्याळ एका नोकराहाती अमरावतीला पाठवून राष्ट्राला अर्पण केलं. अधिकाऱ्यानं कारखान्याची सुरू केलेली चौकशी कौतुकात बदलली. आणि दिल्लीत इतकी वर्षं अडकलेला परवाना महिन्याभरात सुटला. चीनच्या हल्ल्यानं ज्यांचं भलं झालं अशी मोजकी माणसं देशात असतील. एकाचा पगार मी खाल्लेला आहे.

“मंग मले आता दुसरं घड्याळ देता ना, साहेब?” मी विचारलं. परवाना आला म्हणजे बंदी उठली, असं माझं इंटर नापास डोकं म्हणत होतं.

“तोंड उघडलं ना तू? मंग हात काय कामाचा?” साहेब म्हणाले. राग नव्हता त्यांच्या आवाजात. मनगटं काय, अकोल्यात खूप होती.

गल्लीत या बातमीचा अर्थ असा लागला, की साहेबांनी देशाला पाठवलेलं घड्याळ देवमन्या हाताला बांधून मिरवत होता, वामनरावांनी वेळेवर ओढून घेतलं म्हणून देशाला मिळालं. वामनरावांनी हे कधी स्वतःच्या तोंडानं सांगितलं नाही. कोणी सांगितलं की ते नुसते हसत. रेडिओ दुरुस्त झाला होता. मी अंगणात दिसलो की त्याचा आवाज कमी होई. आईनं एवढंच केलं, की पाण्याचा दोर माझ्या हातात आणून दिला.

पौषात सत्कार समारंभ झाला. रामरावसाहेबांना मानपत्र, वामनरावांना शाल, आणि निधीला सोनं देणाऱ्या सगळ्या दात्यांची नावं वाचणार असं जाहीर झालं होतं. मी जाणार नव्हतो.

“मले जाचं हाय,” इंदू म्हणाली. “माहं नाव वाचतीन.”

“कायले जाची हौस? लोक काय म्हनतीन माह्याकडं पाहून?”

“तुमच्याकडं कोन पाहते? मी माहं नाव ऐकाले जाऊन राहिली.”

गेलो. मागच्या रांगेच्या अलीकडं जागा मिळाली. साहेब खुर्चीत, गळ्यात हार, हातात नवा ‘राजयोग’. मानपत्र वाचून झालं, ते लांब होतं. मग वामनरावांनी यादी हातात घेतली. एकेक नाव यायचं, टाळी व्हायची. अमक्याच्या सौभाग्यवतीनं पाटल्या. तमक्याच्या मातोश्रीनं एकदाणी. इंदू पदर सावरून सरळ बसली होती. कानातल्या काड्या तिनं त्या दिवशी काढून ठेवल्या होत्या. यादी शेवटाला आली.

“आणि एक अज्ञात भगिनी,” वामनराव वाचत होते, “कानातले डूल.”

कोणी टाळी वाजवली नाही. अज्ञाताला कोण वाजवणार? वामनराव कागद मिटू लागले. आणि माझ्या शेजारची जागा हलकी झाली. इंदू उठून उभी राहिली होती.

“अज्ञात नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज इतका मोठा आहे हे मला लग्नाच्या इतक्या वर्षांनी कळलं. “तुमच्या समोरच्या घरात राहतो आमी. इंदूबाई देवमन खंडारे. लेहा तेथं.”

सगळी डोकी मागं वळली. वामनराव चष्म्यावरून पाहत राहिले. अधिकारी घाईघाईनं म्हणाले, “बसा, बसा बाई. कार्यक्रम संपत आलाय. आता वेळ नाही.”

ती बसली नाही. लोक माझ्याकडं पाहू लागले, की हा आपल्या बायकोला खाली ओढतो की नाही. मला तिचा पदर ओढता आला असता. हात मोकळाच होता. पण मी उठलो आणि तिच्या शेजारी उभा राहिलो. व्यासपीठावर आभाराचं भाषण सुरू झालं. आम्ही दोघं उभेच.

मागच्या बाकावरून कोणीतरी खोकून म्हणालं, “ओ बाई, बसा ना खाली. आमाले समोरचं काही दिसून नाही राहिलं.”

इंदूनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“मंग तुमी बी उभे राहा,” ती म्हणाली.